दोन काचांपाशी

घाईनं वाचायचा हा मजकूर नाही. मध्येच उठावंसं वाटलं तर उठा, चहा ठेवा, परत या. आज आपल्याला दोनच काचा पाहायच्या आहेत. एकीवर एका बाईच्या मूत्रपिंडाचा तुकडा आहे, दुसरीवर तिच्याच वारेचा. बाई कल्पनेतली आहे. काचांवर जे दिसेल ते मात्र गेल्या कित्येक वर्षांत अनेक गावांत, अनेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आजार कोणता तेही आधीच सांगून टाकलेलं बरं. गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४०/९० वर किंवा त्याच्याही पुढं जातो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, उजव्या बरगडीखाली दुखतं. कधी यातलं काहीच जाणवत नाही आणि बीपीचा आकडाच काय तो बोलतो. हा प्रीएक्लॅम्पसिया. झटके आले की एक्लॅम्पसिया. शंभर गरोदर स्त्रियांमागे दोन ते आठ जणींना तो गाठतो. यात आई जाऊ शकते, बाळ जाऊ शकतं, आणि दोघंही ठणठणीत घरी येऊ शकतात.

बसताना एक प्रश्न जरा बाजूला ठेवा: हे कुणामुळं झालं? तो प्रश्न आपोआप जिभेवर येतो. त्याला दारात थांबू द्या. आत बोलावू, पण नंतर.

आता मनगटावर बोट ठेवून नाडी शोधा. लागली की मोजू नका, नुसती राहू द्या बोटाखाली. हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढं ढकलतं, आणि त्यातलं लिटरभराहून थोडं अधिक दोन मूत्रपिंडांकडे जातं. मुठीएवढे दोन अवयव, आणि रक्ताचा पाचवा हिस्सा त्यांच्या नावचा. दिवसभरात ते सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. गरोदरपणात गाळण्याचा हा वेग जवळजवळ दीडपट होतो. बाईला त्याचा पत्ताही नसतो. रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतंय, एवढंच तिच्या लक्षात येतं.

हे सगळं गाळणं जिथं होतं ती जागा म्हणजे ग्लोमेरुलस, केशवाहिन्यांचा एक सूक्ष्म गुंता. एका मूत्रपिंडात असे सरासरी दहा लाख. पण माणसामाणसांत फरक फार मोठा, कुणाकडे त्याच्या निम्मेही नसतात, कुणाकडे दुप्पट. इटलीतल्या बोलोन्यात मार्सेलो मालपिघीनं आपल्या साध्या भिंगांतून ते पाहिले आणि १६६६ साली त्यांच्याबद्दल लिहिलं. आकडा विसरलात तरी हरकत नाही. एवढंच मनात राहू द्या, की हे दहा लाख मोजून मिळालेले असतात, आणि पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मानंतर त्यात एकाचीही भर पडत नाही. याकडे आपण शेवटी परत येऊ.

आता पहिली काच उजेडाकडे धरा. मधोमध एक गुलाबी रेघ दिसेल, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब. सुईनं काढलेला तुकडा आहे हा. सुईतून बाहेर पडताच त्याचे हिस्से पडतात. एक फॉर्मालिनमध्ये जातो, एक इम्युनोफ्लुरोसन्सच्या तपासणीसाठी वेगळ्या द्रावात, आणि एक चिमूटभर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी ग्लुटराल्डिहाइडमध्ये. फॉर्मालिनमधल्या हिश्शातलं पाणी टप्प्याटप्प्यानं काढून तो मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात. मग मायक्रोटोम. टेक्निशियन ब्लॉक बर्फावर गार करतो, चाक फिरवतो, आणि पात्यावरून मेणाची पट्टी सरकत बाहेर येते. किडनीसाठी जाडी दोन-तीन मायक्रॉन. श्वास जरा जोरात सोडला तरी पट्टी उडते, म्हणून तेवढ्यापुरता श्वास धरायची सवय लागते. ब्रशच्या टोकानं ती उचलून कोमट पाण्यावर सोडायची. पाण्यावर पडली की तिच्या सुरकुत्या सुटत जातात. पुरत्या सुटेपर्यंत थांबायचं, मग खालून तिरकी काच घालून तिला वर घ्यायचं. इथं घाई केली की सेक्शनवर घडी पडते, आणि जो ग्लोमेरुलस पाहायचा असतो तो नेमका त्या घडीखाली सापडतो. प्रयोगशाळेत चार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा.

पट्टीला स्वतःचा रंग नसतो. रंग आपण चढवतो: एका काचेवर हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन, दुसरीवर पीएएस, तिसरीवर चांदीचा रंग, चौथीवर ट्रायक्रोम. प्रत्येक रंग वेगळं काही उठवून दाखवतो आणि उरलेलं मागं सारतो. एकाच रंगावर भागवलं, तर पाहिलं असं वाटतं आणि पाहिलेलं नसतं.

काच स्टेजवर ठेवा. आधी ४ चं भिंग, म्हणजे सगळा परिसर एका नजरेत. लगेच मोठ्या भिंगाकडे जायचा मोह होतो, नका जाऊ. मग १०. मग ४०.

निरोगी ग्लोमेरुलसमध्ये केशवाहिन्यांच्या पोकळ्या उघड्या दिसतात आणि त्यांत लाल पेशी. इथं ग्लोमेरुलस मोठा दिसतो, फिकट दिसतो, आणि पोकळ्या सापडतच नाहीत. सवयीनं डोळा दाहाच्या खुणा शोधू लागतो. बाहेरून आलेल्या पांढऱ्या पेशींची गर्दी, कुठं काही चुरगळलेलं. तसलं काही नाही. वाहिनीच्या आतल्या अस्तराच्याच पेशी सुजल्या आहेत आणि रक्ताच्या वाटेत आल्या आहेत. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आणखी एक गोष्ट दिसते. या अस्तराला एरवी बारीक खिडक्या असतात, मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही लहान, आणि त्यांतूनच द्रव पलीकडे जातो. त्या खिडक्या इथं बऱ्याच ठिकाणी बंद झालेल्या असतात.

या दृश्याला १९५९ साली शिकागोच्या बेंजामिन स्पार्गो आणि सहकाऱ्यांनी ग्लोमेरुलर एंडोथेलिओसिस असं नाव दिलं. त्याआधी थोडीच वर्षं, १९५१ मध्ये, कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी सुईनं मूत्रपिंडाचा तुकडा काढायची पद्धत प्रसिद्ध केली होती. १९५४ मध्ये शिकागोच्याच कार्क आणि म्युहर्के यांनी रोग्याला पालथं झोपवून ती अधिक भरवशाची केली. जिवंत माणसाच्या मूत्रपिंडाकडे असं थेट पाहता येणं तेव्हा नवलाईचं होतं, आणि त्या नवलाईच्या भरात बऱ्याच गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांच्या मूत्रपिंडांतून तुकडे घेतले गेले. आज गरोदरपणात ही बायोप्सी क्वचितच करतात. रक्तस्रावाची भीती असते, आणि निदानासाठी बहुतेकदा बीपीचं यंत्र व लघवीची तपासणी पुरतात.

इथं थोडं थांबू. पुस्तकातलं ते चित्र, जे प्रत्येक विद्यार्थी परीक्षेपुरतं पाठ करतो, ते कुणाच्या तरी कमरेतून आलं आहे. ती कुठल्या तरी वॉर्डात होती, अंगावर सूज होती, डोकं दुखत असणार. तिला किती समजावून सांगितलं होतं, तिनं होकार कसा दिला, हे चित्राखालच्या ओळीत लिहिलेलं नसतं. तिचं नाव आपल्याला नको आहे. ती होती, एवढं ध्यानात घेऊन पुढं जाऊ. मला स्वतःला ही काच पाहताना तेवढा एक क्षण देणं जरुरीचं वाटतं. कुणी याला भाबडेपणा म्हणालं तरी चालेल.

या काचेबद्दल दोन गोष्टी अजून सांगायच्या आहेत. एक, बाळंतपणानंतर थोड्याच आठवड्यांत ही सूज बहुतेक जणींत उतरते, खिडक्या पुन्हा उघडतात. इतकं बिघडलेलं दृश्य असं आपोआप मूळपदावर येणं मूत्रपिंडाच्या आजारांत रोज दिसत नाही. दुसरी, पुढं स्वीडनमध्ये केलेल्या अभ्यासात पूर्ण निरोगी गरोदर स्त्रियांपैकी काहींच्याही ग्लोमेरुलसमध्ये सौम्य स्वरूपात हाच बदल सापडला. म्हणजे इकडे आजार आणि तिकडे आरोग्य अशी कुंपणाची तार इथं नाही. निरोगी गरोदरपण ज्या वाटेनं जातं, त्याच वाटेवर पुढं कुठं तरी हा आजार उभा असतो.

आता दारातल्या प्रश्नाकडे एकदा पाहा. नुकसान मूत्रपिंडात दिसतंय, तर दोष मूत्रपिंडाचा असणार, नाही का? वैद्यकालाही बराच काळ तसंच वाटत आलं. १८४३ साली लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हरनं झटके आलेल्या बाळंतिणींच्या लघवीत अल्ब्युमिन असल्याचं दाखवलं. त्याच रुग्णालयात रिचर्ड ब्राइटनं मूत्रपिंडाच्या आजाराला लघवीतल्या अल्ब्युमिनशी जोडलं होतं, त्यामुळं बोट मूत्रपिंडाकडे वळणं साहजिक होतं. पण एक गोष्ट त्यात बसत नव्हती. द्राक्षगर्भ नावाची अवस्था असते. गर्भाशयात बाळ नसतं, वारेचीच पेशीजालं बेसुमार वाढतात. त्यातही हा आजार होतो, कधी कधी वीस आठवड्यांच्या आतच. बाळ नाही, तरी आजार आहे. आणि वार गर्भाशयातून बाहेर पडली की आजार ओसरू लागतो.

पहिली काच काढून ठेवा. डोळे क्षणभर मिटा. डोळ्यांपुढं तो फिकट ग्लोमेरुलस अजून असेल, असू द्या.

दुसरी काच घेण्याआधी वार हातात घेऊ. मोजे घाला. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो भरते, रुंदी वीस-बावीस सेंटीमीटर, जाडी दोन-अडीच. बाळाकडची बाजू निळसर, तुळतुळीत, नाळेपासून फाकत गेलेल्या रक्तवाहिन्यांची. आईकडची बाजू गडद तांबडी, खडबडीत, पंधरा-वीस खंडांत विभागलेली. आधी पडदे आणि नाळ कापून बाजूला करायचे, रक्ताच्या सुट्या गुठळ्या पुसून घ्यायच्या, मगच वजन. नाही तर तो आकडा कशाशीच ताडून पाहता येत नाही. मग लांब पात्याची सुरी घेऊन सेंटीमीटरभर अंतरानं काप घ्यायचे आणि प्रत्येक कापावरून बोटं फिरवायची. वार स्पंजासारखी मऊ लागते. आणि मध्येच बोट अडतं. तिथं काही तरी घट्ट आहे. डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळलेलं असतं. हा इन्फार्क्ट, रक्त न पोचल्यानं मेलेला भाग. ताजा असेल तर लालसर, जुना असेल तर पांढुरका-पिवळट, दाणेदार. कडेला एखादा छोटा असला तर पूर्ण दिवसांच्या वारेत त्याचं विशेष वाटत नाही. एकतिसाव्या आठवड्यातल्या, वजनाला हलक्या वारेत मधोमध दोन-तीन असले, की वारेसोबत आलेल्या फॉर्मवर लिहिलेली तीन अक्षरं, ‘आययूडी’, म्हणजे बाळ पोटातच गेलं, पुन्हा एकदा वाचली जातात.

या वारेचं आपण काय करतो? जुन्या घरांतून ती पुरायची रीत होती. माझी नाळ अमक्या गावात पुरली आहे, असं शहरात तीन पिढ्या काढलेला माणूसही सांगतो. आता प्रसूतिगृहात ती पिवळ्या पिशवीत जाते, कारण २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत मानवी अवयवांचा रंग पिवळा. नियम योग्यच आहे. पण गंमत पाहा: मूत्रपिंडाचा तुकडा मिळवायला सुई खुपसावी लागते, जोखीम घ्यावी लागते. वार सुईशिवाय, जोखमीशिवाय, स्वतःहून हातात येते. नऊ महिन्यांचा सगळा जमाखर्च तिच्यात असतो, आणि बहुतेक वेळा ती कुणी उघडूनही पाहत नाही. यात डॉक्टरांचा आळस आहे असं मला वाटत नाही. बाळ रडलं, आईचा रक्तस्राव थांबला, पुढची बाई टेबलावर आली. अशा वेळी वारेकडे कोण बघणार? पण वारेवरच्या संशोधनाचं बरंचसं काम प्रसूतीनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांवर अवलंबून असतं. वारेतला आरएनए तपासायचा तर तुकडा चटकन धुऊन द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो. म्हणजे पहाटे तीनलाही कुणी तरी डबा घेऊन लेबर रूमच्या बाहेर बसलेलं असावं लागतं. पुण्यात भारती विद्यापीठाच्या ‘इर्षा’ या संस्थेत प्रीएक्लॅम्पसियातल्या वारांवर असं काम झालं आहे. त्यांतली स्निग्धाम्लं, रक्तवाहिन्या वाढवणारे घटक, यांचा तिथं अभ्यास झाला आहे. बाहेर बसलेल्या त्या माणसाचं नाव शोधनिबंधात शेवटच्या आभारांत येतं, आलं तर.

आता काच. एक लक्षात ठेवा, या कापात दोन माणसं आहेत. बाळाच्या रक्तवाहिन्या विलस नावाच्या फाट्यांतून पसरलेल्या, आणि त्या फाट्यांभोवती आईचं रक्त मोकळं खेळत असतं. दोघांचं रक्त मिसळत नाही. पूर्ण दिवसांच्या वारेत दोहोंमध्ये काही मायक्रॉनचीच भिंत उरते. आणि त्या भिंतीचा आईकडचा थर म्हणजे एकच अखंड पेशी, असंख्य केंद्रकं असलेली, मध्ये कुठंही सीमा नसलेली. सगळे फाटे उलगडून ठेवले तर तिचं क्षेत्रफळ दहा चौरस मीटरच्या वर भरेल. या एका गोष्टीपाशी हवं तेवढं थांबा. मला तरी ती अजून पुरती पचलेली नाही.

आपल्या काचेवर काही ठिकाणी फाटे फार बारीक आणि विरळ आहेत, मध्ये मोठमोठ्या रिकाम्या जागा. काही ठिकाणी त्या अखंड पेशीची केंद्रकं गोळा होऊन गडद गाठी झालेल्या. वय वाढल्याच्या या खुणा, पण वेळेच्या फार आधी आलेल्या. टेनी आणि पार्कर यांनी १९४० सालीच त्यांचं वर्णन केलं होतं. काठावर, आईच्या बाजूच्या अस्तरात, एक छोटी धमनी आहे. तिच्या भिंतीत गुलाबी, पुसट, काही तरी साचल्यागत दिसतंय, आणि फेसाळ पेशी. याला अक्यूट अथेरोसिस म्हणतात. २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅमला जगभरचे वारेचे पॅथॉलॉजिस्ट जमले आणि या सगळ्या खुणांना काय म्हणायचं, किती तुकडे घ्यायचे, याची एक सामाईक रीत त्यांनी ठरवली. त्याआधी एकाच वारेला दोन गावांत दोन नावं मिळायची, आणि मग दोन अभ्यास एकमेकांशी ताडून पाहणं अवघड व्हायचं.

पण खरी गोष्ट या काचेवर अर्धीच आहे. उरलेली अर्धी आईच्या गर्भाशयाच्या भिंतीत राहून गेली. तिथल्या वळ्यावळ्यांच्या धमन्यांतून आईचं रक्त वारेत येतं. निरोगी गरोदरपणात वारेच्या पेशी त्या धमन्यांच्या भिंतीत शिरतात, तिथले स्नायू हटवतात, आणि धमनीचं तोंड रुंद, सैल करून टाकतात. लूव्हेनचे इव्हो ब्रोसेन्स आणि त्यांचे सहकारी रॉबर्टसन व डिक्सन यांनी गर्भाशयाच्या त्या जागेचे तुकडे तपासून १९६७ साली हे मांडलं, आणि १९७२ मध्ये दाखवलं की प्रीएक्लॅम्पसियात हे काम अर्धवट राहतं. गर्भाशयाच्या स्नायूत ज्या धमनीची रुंदी ५०० मायक्रॉनच्या घरात जायला हवी, ती २०० च्या आसपास अडकते.

बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबून पाहिलाय ना? पाणी कमी येतं असं नाही. ते जोरात येतं, आणि माती उखडतं. वारेत जवळपास तेच होतं. धमनी रुंद झालेली असेल तर रक्त सेकंदाला सुमारे दहा सेंटीमीटरच्या संथ गतीनं आत शिरतं. झालेली नसेल, तर गणितानं हा वेग मीटर-दोन मीटरपर्यंत जातो. फाटे त्या झोतानं दुखावतात, काही भागांना धडकी भरेल इतकं रक्त मिळतं, काहींना मिळतच नाही.

हे सगळं कधी घडतं? सुरुवात पहिल्या तीन महिन्यांत, आणि अठरा-वीस आठवड्यांपर्यंत काम एक तर झालेलं असतं, नाही तर राहिलेलं. बीपी वाढायच्या आधी. पायांवर सूज यायच्या आधी.

आता तो प्रश्न आत येऊ द्या. कुणामुळं झालं हे? आपल्या घरांत त्याला उत्तरं तयार असतात. तू टेन्शन घेतलंस. नोकरी सोडली नाहीस. पापड-लोणची खाल्लीस. ग्रहणात बाहेर गेलीस. आणि सगळ्यांत जड उत्तर ती स्वतःच स्वतःला देते, बहुधा रात्री. त्या बाईला ही काच दाखवता आली असती तर? मीठ कमी केल्यानं हा आजार टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मिलिमीटरहून बारीक धमन्यांत जे व्हायचं ते झालं तेव्हा तिला कदाचित नुकत्याच उलट्या थांबल्या असतील. पहिलटकरणींत हा आजार जास्त, जुळ्यांत जास्त, आधीचा रक्तदाब वा मधुमेह असेल तर जास्त. पण एखाद्या ठराविक बाईत वारेच्या पेशी का अडखळल्या, याचं एकच असं उत्तर कुणालाही अजून देता आलेलं नाही. ‘कुणामुळं’ ऐवजी ‘कुठं’ आणि ‘कधी’ असं विचारलं, तर काच बोलते. हे वाक्य दोनदा वाचलंत तर बरं. त्या बाईसाठी नव्हे, तिला उत्तरं देणाऱ्यांसाठी.

आणि या दोन काचांमध्ये दुवा कोणता? गर्भाशय कुठं, मूत्रपिंड कुठं. उत्तर २००३ साली बोस्टनहून आलं. मद्रासमध्ये वैद्यक शिकलेले मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमांची आणि त्यांची सहकारी शॅरन मेनार्ड यांनी दाखवलं की या आजारात वार एक प्रथिन रक्तात फार मोठ्या प्रमाणात सोडते: एसफ्लट-१. ते काय करतं हे समजायला पहिल्या काचेकडे मनानं परत जा. ग्लोमेरुलसच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या व्हीईजीएफ नावाचा घटक तयार करतात, आणि आतल्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. त्यांच्या खिडक्या त्याच्या भरवशावर उघड्या राहतात. एसफ्लट-१ रक्तात फिरत फिरत हा घटक पकडून ठेवतं. पुरवठा तुटतो. पेशी सुजतात, खिडक्या मिटतात, प्रथिन गळू लागतं.

बोस्टनच्या त्या प्रयोगात हे प्रथिन उंदरांच्या शरीरात वाढवलं तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला, लघवीत प्रथिन आलं, आणि ग्लोमेरुलसमध्ये तेच फिकट, बुजलेलं चित्र उमटलं. गाभण नसलेल्या माद्यांतही. तिथं वार नव्हती, अरुंद धमन्या नव्हत्या. रक्तात फिरणारं एक प्रथिन पुरेसं ठरलं. त्याच वर्षी टोरोंटोच्या सुझन क्वॅगिन यांच्या गटानं उलट बाजूनं तेच दाखवलं: उंदराच्या पोडोसाइटमधलं व्हीईजीएफ जन्मतः निम्मं केलं, तर ग्लोमेरुलसमध्ये एंडोथेलिओसिस होतो. पुढं कर्करोगावर व्हीईजीएफ अडवणारी औषधं आली, आणि ती घेणाऱ्या काही पुरुषांचाही रक्तदाब वाढला, त्यांच्याही लघवीत प्रथिन आलं. ज्यांच्या शरीरात कधी वार असणारच नव्हती, त्यांच्या मूत्रपिंडानं बाळंतिणीच्या आजाराचा हा दाखला द्यावा, हे मला या सगळ्या हकिकतीतलं सर्वांत विलक्षण वाटतं. आता रक्तातल्या एसफ्लट-१ आणि पीएलजीएफ (व्हीईजीएफच्याच कुळातला एक घटक) यांच्या गुणोत्तराची तपासणी निघाली आहे. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल तर पुढच्या आठवड्यात आजार होण्याची शक्यता फारच कमी असल्याचं दिसलं. काचेवर सुरू झालेला शोध असा रक्ताच्या बाटलीपर्यंत आला.

मग दोषी वार? तिच्यावर आरोप ठेवायचीही घाई नको. तिला रक्त नीट मिळत नाहीये. जिवंत राहून बाळाला पोसणं हे तिचं काम आहे. रक्त कमी मिळालेल्या पेशी रक्तात संकेत सोडणारच. त्या संकेतांची किंमत दुसऱ्याच एका अवयवाला मोजावी लागते, ही शरीराची रचना आहे. तिच्यात हेतू शोधायला गेलो तर आपण काचेपासून लांब जातो.

दोन्ही काचा आता खोक्यात परत ठेवू. त्यांचं पुढं काय होतं ते काचेवर दिसत नाही. त्याला वह्या लागतात. नॉर्वेत १९६७ पासून प्रत्येक जन्माची नोंद आहे. ती डायलिसिसच्या नोंदींशी जोडून २००८ साली दाखवलं गेलं की पहिल्या गरोदरपणात प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांत पुढं मूत्रपिंडं पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण इतरांच्या चौपटीहून जास्त होतं. घाबरू नका, मुळात ते प्रमाण फार थोडं असतं, त्यामुळं चौपट होऊनही बहुतेक जणींना काही होत नाही. पण वर्षातून एकदा बीपी आणि लघवी तपासून घ्यायला तेवढं कारण पुरे आहे. सूज उतरली, खिडक्या उघडल्या, तरी सगळं पुसलं गेलं असं समजता येत नाही.

आणि ते दहा लाख? बाळाच्या मूत्रपिंडात ग्लोमेरुलस तयार व्हायचं काम गर्भाशयातच, छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला संपतं. वार कमी पडली, बाळ लवकर किंवा लहान जन्मलं, तर त्याच्या वाट्याला कमी येतात. २००३ च्या एका शवविच्छेदनाच्या अभ्यासात जन्मवजनाच्या दर किलोमागे सुमारे अडीच लाख ग्लोमेरुलसचा फरक आढळला. कमी असले म्हणून आजार होईलच असं नाही. उरलेले मोठे होऊन जास्त काम उचलतात. पण साठवण कमी असते, आणि चाळिशीत वाढलेल्या रक्तदाबामागं कधी कधी एखादी हलकी वार असू शकते.

डॉक्टरांच्या फॉर्मवर आईवडिलांच्या शुगर-बीपीचा रकाना हमखास असतो. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, हा रकाना अजून फार ठिकाणी नाही. तेव्हा सवडीनं आईला, मावशीला, थोरल्या बहिणीला विचारून पाहा: तुमच्या वेळी बीपी किती झालं होतं, कितव्या महिन्यात, लघवीत काही आलं होतं का. आकडे क्वचितच आठवतील, आणि फाइल घर बदलताना गेलेली असेल. बाळाचं वजन मात्र ग्रॅमसकट पाठ असतं, तीस वर्षांनीसुद्धा. तेवढं विचारून लिहून ठेवा.